माना पडेपर्यंत

कांदा पहिल्या वर्षी गड्डा धरतो आणि दुसऱ्या वर्षी फुलून बी देतो. घरच्या बागेत त्याला दुसरे वर्ष सहसा लाभत नाही आणि पहिलेही धड पुरे होऊ दिले जात नाही. बी पेरल्यापासून पोसलेला कांदा हाती येईपर्यंत साधारण साडेपाच महिने जातात. पहिले दोन महिने रोपाला माणूस लागतो, मधले दोन-अडीच महिने अधूनमधून लागतो आणि शेवटच्या काही आठवड्यांत तो जितका लांब राहील तितके बरे. बागकामाची हौस असलेल्या माणसाला नेमके हेच जमत नाही.

कांदा लावायचा विचार घरात येतो तोही शेतीच्या ऋतूप्रमाणे नाही, बाजाराच्या ऋतूप्रमाणे येतो. चाळीत साठवलेला उन्हाळ कांदा सप्टेंबर-ऑक्टोबरात संपत आलेला असतो. खरिपाचा नवा लाल कांदा पुरेसा उतरलेला नसतो, आणि परतीचा पाऊस रेंगाळला तर तो वावरातच सडतो. मग भाव चढतात. १९९८ च्या हिवाळ्यात दिल्लीतले सरकार कांद्याच्या भावाने घालवले असे मानले जाते. घरातली सत्ता अशी जात नाही, पण रंगाचे रिकामे डबे गच्चीवर जायला लागतात. नोव्हेंबर-डिसेंबरात लावलेले रोप मार्च-एप्रिलात कांदा देते, आणि नाशिक, अहिल्यानगर, पुणे, सोलापूर या जिल्ह्यांतला उन्हाळ कांदाही त्याच सुमाराला बाजारात लोटतो. गच्चीवरचे पीक टोपलीत घालून जिना उतरत असतानाच गल्लीतून टेंपोचा कर्णा ऐकू येतो, ‘‘शंभरला पाच किलोऽऽ!’’ यात योगायोग काही नाही. गच्चीवाल्याने आणि लासलगावकडच्या शेतकऱ्याने एकाच हंगामात लावले, म्हणजे दोघांचा माल एकदमच निघणार. शेतकऱ्याचा त्यात खर्चही सुटत नाही. गच्चीवाल्याला फक्त घरच्यांचे ऐकून घ्यावे लागते.

हिशेब आधीच मांडलेला बरा. कांद्याची मुळे उथळ असतात, त्यामुळे वीतभर खोल माती पुरते. दोन रोपांत दहा सेंटिमीटर अंतर ठेवले तर दोन फूट लांब आणि एक फूट रुंद ग्रो बॅगेत अठरा रोपे बसतात. मध्यम कांदा साठ-सत्तर ग्रॅमचा धरला आणि अठराही जगले असे मानले (असे मानायला हरकत नाही, होत मात्र नाही), तर सव्वा किलोच्या आत-बाहेर माल निघतो. चार माणसांच्या घरात तो आठवडाभरात संपतो, आणि मधल्या रविवारी मिसळ केली तर शनिवारी पुन्हा टेंपोची वाट पाहावी लागते. स्वयंपूर्ण होण्यासाठी कांदा लावू नये. तो कसा वाढतो हे पाहण्यासाठी लावावा.

बहुतेक घरांत सुरुवात टोपलीतल्या कोंब आलेल्या कांद्याने होते. टाकून देण्यापेक्षा मातीत खुपसलेला बरा, या विचारात काटकसर आहे, शेती नाही. या कांद्याचे पहिले वर्ष कुठल्या तरी शेतात संपलेले असते आणि तो आता दुसऱ्याची तयारी करत असतो. तो हिरवीगार पात देतो, आत दोन-तीन फाटे फोडतो, मग मधून डेंगळा वर काढून त्यावर पांढऱ्या फुलांचा गोंडा धरतो. मधमाश्या खूश असतात. खाली मोठा कांदा तयार होत असेल या आशेने घरचे लोक दोन महिने पाणी घालतात आणि शेवटी उकरून पाहतात, तेव्हा व्याज राहिले बाजूला, मुद्दलही गेलेले असते. पातीसाठी हा उद्योग उत्तम आहे, गड्ड्यासाठी नाही. याहून धाडसी लोक मसाल्याच्या डब्यातली कलौंजी पेरतात, कारण ती दिसायला हुबेहूब कांद्याच्या बियांसारखी काळी आणि टोकेरी असते. तिला बारीक चिरलेली नाजूक पाने येतात, फिकट निळी फुले येतात, पाहुणे कौतुक करतात. कांदा येत नाही.

बी घ्यायचे तर त्या वर्षीचेच घ्यावे. कांद्याचे बी फार काळ टिकत नाही; मागच्या वर्षीचे उरलेले पाकीट पेरले तर उगवण इतकी विरळ होते की उगवलेल्यांना नावे ठेवता येतील. परदेशी पाकिटाचा मोह वेगळाच. अमेरिकेतला भाचा सुटीत येताना वॉला वॉला नावाच्या गोड कांद्याचे बी आणतो, पाकिटावर नारळाएवढा कांदा छापलेला असतो, आणि पुण्यात त्याला येते फक्त पात. यात पुण्याच्या मातीचा दोष नाही. कांदा गड्डा कधी धरतो हे दिवसाच्या लांबीवर बरेचसे ठरते. थंड देशांतल्या त्या जातींना चौदा तास किंवा त्याहून मोठा दिवस लागतो आणि पुण्यात वर्षातला सर्वांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आसपास संपतो. ते रोप गड्डा धरण्याची वेळ येईल म्हणून वाट पाहत राहते. उलटा प्रवासही होतो. न्यू जर्सीतली मराठी मंडळी इथले बी नेऊन तिथल्या मे महिन्यात लावतात. आपल्या जातींना अकरा-बारा तासांचा दिवस पुरतो. तिथे पंधरा तासांचा दिवस दिसल्यावर रोपे अंगात काही भरायच्या आधीच गड्डा धरून मोकळी होतात. मिळते ती गोल्टी, आणि तीही आमटीत अख्खी घालण्याच्या लायकीची.

राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाच्या भीमा शक्ती आणि भीमा किरण, किंवा जुनी नावाजलेली एन-२-४-१, या जाती रब्बीला चांगल्या. पावसाळ्यात लावायचा तर बसवंत ७८० किंवा भीमा सुपर. पण घरासाठी सगळ्यांत सोपे म्हणजे डिसेंबरात आठवडेबाजारात किंवा रोपवाटिकेत मिळणारी रोपांची जुडी. सात-आठ आठवड्यांचे, पेन्सिलीहून बारीक रोप निवडावे. लावण्यापूर्वी त्याची वरची एक तृतीयांश पात कापतात. हे घरातल्या कुणाला तरी बघवत नाही. कापलेली पात झुणक्यात पडली की विरोध मावळतो.

रोप उथळच लावावे. गड्डा हा जमिनीत खोल जाणारा प्रकार नाही. तो मातीवर बसतो आणि पोसताना निम्मा बाहेर येतो. ही त्याची रीत आहे, पण बघणाऱ्याला वाटते की कांदा उघडा पडला. मग सकाळी एक जण माती ओढतो, दुपारी दुसरा नारळाचा भुसा घालतो, आणि संध्याकाळी कांदा पुन्हा गळ्यापर्यंत गाडलेला असतो. मातीत दबलेला गड्डा लांबट होतो, मान ओली राहते आणि कूज लागायला निमित्त मिळते. कांद्याला झाकणे ही माया नव्हे.

पाण्याखतापेक्षाही मोठा प्रश्न असतो तो घरातल्या दोन पक्षांचा. गड्डा म्हणजे पानांचे फुगलेले तळ, एकावर एक बसलेले. वरच्या प्रत्येक पानाचा खाली एक पापुद्रा असतो. म्हणजे पान तोडले की कांद्याच्या अंगातला वाटा गेला. गड्डा पक्षाला हे माहीत असते. पात पक्षालाही सांगितलेले असते, पण ऑम्लेटच्या वेळी आठवत नाही. ‘एकच तर तोडली’ असे प्रत्येक जण म्हणतो आणि प्रत्येकाचे खरेही असते. सासूबाई एक तोडतात, सून एक तोडते, शेजारच्या वहिनी ‘‘तुमच्याकडे पात आहे ना हो, दोन काड्या द्या’’ म्हणून येतात, आणि महिन्याभरात अठरा रोपांची अवस्था नुकत्याच लष्करात भरती झालेल्या जवानांसारखी होते. यावर समजूत घालण्याचा उपाय चालत नाही. एक डबा फक्त पातीसाठी लावून तो स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवावा आणि गड्ड्याची बॅग पाण्याच्या टाकीपलीकडे न्यावी. चालण्याचा कंटाळा हा राखणदार विश्वासू असतो.

खताबाबत थोडक्यात सांगायचे तर, लावणीनंतर दोन महिन्यांनी नत्र बंद. त्यानंतर जीवामृत, चहाचा चोथा, शेणपाणी जे काही प्रेमाने ओतले जाते ते सगळे मानेत जाते; पात माजते, मान जाड होते आणि असा कांदा टिकत नाही. पातीवर चंदेरी ओरखडे दिसले तर फुलकिडे आहेत, ढगाळ किंवा धुक्याच्या दिवसांनंतर जांभळट डाग दिसले तर करपा. थंडी लांबली की काही रोपे मुदतीआधीच डेंगळा काढतात. त्या कांद्याच्या पोटात कडक दांडा तयार होतो, तेव्हा तो लगेच काढून खावा. काही कांदे जोड निघतात. त्यांचे काही बिघडलेले नसते, पण त्यांनाही साठवणीत जागा नाही.

यानंतर येते काढणी, आणि साऱ्या पिकात चुकण्याची खरी संधी इथेच. लावणीनंतर साडेतीन-चार महिन्यांनी रोप नवी पाने काढायचे थांबते. जुन्या पानांचे तळ फुगत राहतात, पण मानेतून आतून वर येणारे कोवळे पान बंद झाल्यामुळे मान पोकळ पडते. वरच्या हिरव्या पातीचे वजन तिला पेलत नाही आणि एके दिवशी ती गड्ड्याच्या लगत वाकून आडवी होते. याला शेतकरी माना पडणे म्हणतात, आणि पडल्या की त्यांना हायसे वाटते. गच्चीवर याच्या उलट होते. टोमॅटो आडवा पडला तर आजारी असतो, मिरची आडवी पडली तर तहानलेली असते, झेंडू आडवा पडला तर संपलेला असतो. एवढ्या अनुभवावर कांदाही आजारीच ठरतो. पाणी दुप्पट होते. कोणी तरी चमचाभर युरिया घालतो. तिसऱ्या दिवशी अठराही रोपांना आइसक्रीमच्या काड्या लावून, सुतळीने हळुवार बांधून त्यांना पुन्हा उभे केलेले असते. निफाडकडचे मामा नेमके त्या रविवारी येतात, गच्चीवर जातात, बराच वेळ काही बोलत नाहीत आणि मग विचारतात, ‘‘कांद्याला टेकू कुणी दिले रं?’’

उलट स्वभावाचा माणूस वाट पाहू शकत नाही. त्याला पात काय म्हणते याच्याशी देणेघेणे नसते. त्याला आत बोट घालून पाहायचे असते. दररोज चहाचा कप एका हातात धरून दुसऱ्या हाताने तो त्याच एका कांद्याभोवतीची माती टोकरतो, पोसला का पाहतो, माती परत दाबतो. प्रत्येक वेळी बारीक मुळे तुटतात. काढणीला सगळ्यांत लहान निघतो तो हाच कांदा, आणि ‘मी म्हणत होतोच, हे बियाणेच हलके’ असे म्हणायला कारण मिळते.

रब्बीचा कांदा निम्म्या माना पडल्या की काढावा. सगळ्या पडून पात वाळेपर्यंत थांबले तर वरचा पापुद्रा सुटू लागतो आणि ओल मिळाली तर पुन्हा मुळे फुटतात. अठराचे निम्मे म्हणजे नऊ, एवढे गणित सोपे आहे. पण नववी मान खरी पडली की पाडली, यावर घरात वाद होतो. वारा, चेंडू, कपडे वाळत घालताना पडलेली ओली चादर यांपैकी कुणीही मान पाडू शकते. उन्हाळ्यात गार मातीच्या शोधात असलेले मांजर एका दुपारच्या झोपेत चार-पाच माना सहज पाडते. अशा वेळी मान गड्ड्याच्या जवळ चिमटीत धरून पाहावी. पक्व कांद्याची मान बोटांत चेपते, आत काही लागत नाही. मांजराने पाडलेली मान कडक आणि भरीव लागते. तो कांदा अजून कामात असतो, त्याला उठवूही नये आणि काढूही नये.

काढणीआधी दहा-पंधरा दिवस पाणी तोडतात. कुंडी लवकर वाळते, तिथे आठवडाभरही पुरतो. पहिल्या दोन-तीन माना पडल्या की नळी गुंडाळायची, एवढाच नियम. तो पाळला गेला की वरची साल रंगाने पक्की होते, मान सुकते आणि कांदा टिकतो. योगायोगाने याच सुमाराला शाळांना सुटी लागते आणि घर कोकणात किंवा गावी जाते. बारा महिन्यांत घरच्या बागेला सोडून जाण्यासारखा हा एकच पंधरवडा, आणि नेमका त्याच पंधरवड्यासाठी पाण्याची चोख व्यवस्था लावली जाते. किल्ली शेजारच्या काकांकडे, फोन नंबर वॉचमनकडे, मोठ्या अक्षरांतली चिठ्ठी नळाशी. काका सकाळी घालतात. वॉचमन संध्याकाळी घालतो, कारण काका विसरले असतील तर. गावाहून परतल्यावर ओल्या मातीत नवी मुळे फुटलेले कांदे आणि दोन्ही कर्तव्यदक्ष माणसे सापडतात, आणि त्यांना वर खोबऱ्याच्या वड्या द्याव्या लागतात.

खरिपाच्या कांद्याचे शास्त्र निराळे. पावसाळी हवेत त्याची वाढ थांबत नाही आणि माना आपण होऊन पडत नाहीत. पातीचे शेंडे पिवळे पडू लागले आणि गड्ड्याला रंग चढला की तो तयार समजतात. शेतात काढणीच्या दोन-तीन दिवस आधी पिकावरून रिकामे पिंप फिरवून माना मोडतात. हे वाचलेला गृहस्थ गच्चीवर लाटणे घेऊन जातो. हाताने वाकवून भागते, आणि लाटणे परत जाग्यावर ठेवताना होणारी चौकशीही टळते. फक्त हे कच्च्या कांद्यावर करू नये. मान मोडल्याने कांदा पिकत नाही, त्याला नुसती इजा होते.

उपटताना पात गड्ड्यालगत धरून सरळ वर ओढावी. माती कडक असेल तर आधी खुरप्याने सैल करावी, नाहीतर पात हातात आणि कांदा जमिनीत असा निकाल लागतो. उपटलेला कांदा धुऊ नये. फोटोसाठीसुद्धा धुऊ नये. झटकून उरेल तेवढी माती वाळल्यावर आपोआप पडते, धुतलेल्या कांद्याची मान मात्र पाणी धरते आणि आतून सडते. पातीसकट तीन-चार दिवस वाळू द्यावे. एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या गड्ड्यांवर येईल असे मांडले की ऊन थेट लागून कांदा भाजत नाही. अवकाळीचे ढग दिसले तर पसारा उचलून आत आणावा; हॉलमध्ये दोन दिवस वास राहील, राहू द्यावा. मग साधारण इंचभर मान ठेवून पात कापावी आणि सावलीत दहा-बारा दिवस आणखी सुकवावे. मान नीटनेटकी दिसावी म्हणून गड्ड्याला लागून कापणे म्हणजे बुरशीला दार उघडून देणे.

अलिबागचा पांढरा कांदा, ज्याला २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तो पात न कापता विणतात. वडखळहून अलिबागला जाताना रस्त्याकडेला त्याच्या माळा टांगलेल्या दिसतात. घरी अशी माळ करायची हौस प्रत्येकाला येते. पात अर्धवट सुकलेली, लवचीक असतानाच वेणी घालावी लागते. पूर्ण वाळली की ती हातात चुरते आणि माळेऐवजी कचरा विणला जातो. जमलेली माळ बाल्कनीच्या गजाला, सावलीच्या बाजूने लावावी. दिवाणखान्यात पडद्याच्या दांडीला टांगलेली माळ दिसते छान, पण पाहुणे तिच्याखालची खुर्ची टाळतात.

साठवणीसाठी कांद्याला हवा लागते. शेतकऱ्यांच्या चाळीत जमिनीपासून उंच, फटींच्या फळ्यांवर कांदा ठेवतात तो याचसाठी. घरात जाळीची पिशवी किंवा बांबूची टोपली पुरते. फ्रीज नको, प्लॅस्टिकची पिशवी नको, बटाट्याचा शेजारही नको. जाड मानेचे, जोड आणि डेंगळा आलेले कांदे आधी संपवावेत. खरिपाचा कांदा तर साठवूच नये, तो टिकत नाही. चातुर्मास पाळणाऱ्या घरांत साठवणीचा प्रश्न आषाढातल्या कांदेनवमीलाच सुटतो: त्या दिवशी भजी, थालीपीठ, झुणका असे करत टोपली रिकामी होते. इतरांनी आठवड्यातून एकदा टोपली उपसून प्रत्येक कांद्याची मान दाबून पाहावी, आणि ज्याची मऊ लागेल त्या कांद्याचे पोहे दुसऱ्या दिवशी सकाळी करावेत.